लाइफ सेटलमेंट ब्रोकरचा परवाना : मिळवणे आणि टिकवणे

आयुर्विम्याची पॉलिसी ही मालमत्ता आहे आणि मालमत्ता म्हटली की ती विकता येते. अमेरिकेत ज्या पॉलिसीची मालकाला गरज उरलेली नाही किंवा जिचे हप्ते झेपेनासे झाले आहेत, ती विमा कंपनीकडे सरेंडर न करता तिसऱ्याच कोणाला विकण्याच्या व्यवहाराला ‘लाइफ सेटलमेंट’ म्हणतात. विकणाऱ्याला सरेंडर मूल्याहून जास्त, पण विमा रकमेहून कमी पैसे एकरकमी मिळतात. घेणारा पुढचे हप्ते भरत राहतो आणि विमा उतरवलेली व्यक्ती वारली की विम्याची पूर्ण रक्कम त्याच्या हाती पडते. खरेदी करणाऱ्या कंपनीला ‘प्रोव्हायडर’ म्हणतात. विकणाऱ्याच्या वतीने अशा कंपन्या गाठणारा, भाव काढणारा आणि कागदपत्रे मार्गी लावणारा मध्यस्थ म्हणजे लाइफ सेटलमेंट ब्रोकर.

प्रोव्हायडर आणि ब्रोकर यांचे परवाने वेगळे असतात. प्रोव्हायडरच्या परवान्यात त्याच्याकडे पैसा आहे का, करार शब्दाप्रमाणे पाळला जाईल का, हे पाहिले जाते. ब्रोकरच्या परवान्यातली मेख निराळी आहे. ब्रोकर विकणाऱ्याचा माणूस असतो, पण त्याची दलाली निघते ती खरेदीदाराने देऊ केलेल्या रकमेतून. विकणारा बहुधा उतारवयाचा, अनेकदा आजारी असतो आणि असा व्यवहार तो आयुष्यात एकदाच करतो. पॉलिसीचा भाव ज्यावर ठरतो तो आयुर्मानाचा अंदाज त्याला स्वतःला तपासता येत नाही. म्हणजे ज्याच्यावर पूर्ण विसंबायचे, त्याच्याच पदरात व्यवहार उरकल्यावर पैसे पडणार. परवाना देण्याच्या आणि टिकवण्याच्या जवळजवळ प्रत्येक अटीचे मूळ या अडचणीत सापडते.

परवान्याची गरज कशी निर्माण झाली

पॉलिसी विकण्याच्या हक्काला अमेरिकेत १९११ मध्ये पक्का आधार मिळाला. जॉन बर्चर्ड नावाच्या गृहस्थाने आपल्या पॉलिसीचे दोन हप्ते भरले होते, तिसरा थकला होता आणि शस्त्रक्रियेसाठी त्याला पैशांची निकड होती. त्याने ती पॉलिसी डॉ. ग्रिग्जबी यांना १०० डॉलरला विकली, पुढचे हप्ते डॉक्टरांनी भरायचे या बोलीवर. बर्चर्डच्या मृत्यूनंतर पैशांवर हक्क कोणाचा, असा वाद उभा राहिला. त्याच्या आयुष्यात डॉक्टरांचा विमेय हितसंबंध, म्हणजे तो जगण्यात स्वतःचे आर्थिक हित, नव्हता, तेव्हा ही विक्री जुगारासारखी नाही का, हा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकाल दिला की पॉलिसी प्रामाणिकपणे घेतलेली असेल, तर पुढे ती विकण्याचा मालकाला इतर मालमत्तेसारखाच हक्क आहे. ‘ग्रिग्जबी विरुद्ध रसेल’ हा निकाल आजही या व्यवसायाचा पाया मानला जातो.

पाया पडला तरी त्यावर बाजार उभा राहायला सत्तर-पंचाहत्तर वर्षे गेली. १९८० च्या दशकात एड्सची साथ पसरली, तेव्हा तरुण वयात मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या अनेक रुग्णांजवळ विकण्याजोगी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे विम्याची पॉलिसी. या व्यवहारांना ‘व्हायाटिकल सेटलमेंट’ हे नाव पडले. ‘व्हायाटिकम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ प्रवासाची शिदोरी. १९९० च्या दशकाच्या मध्यावर नवी औषधे आली आणि रुग्ण जगू लागले. लवकर मृत्यू होईल या हिशेबाने पैसे गुंतवलेल्यांचे गणित कोलमडले. बाजार मग वयस्कांच्या मोठ्या पॉलिसींकडे वळला आणि ‘लाइफ सेटलमेंट’ हा शब्द रूढ झाला.

या स्थित्यंतरात फसवणुकीचे दोन ठळक प्रकार समोर आले. एकात आजार लपवून नवी पॉलिसी काढायची आणि लगेच विकून टाकायची. व्यवसायात याला ‘क्लीन-शीटिंग’ म्हणत. दुसऱ्यात आयुर्मानाचे अंदाज हवे तसे वाकवून छोट्या गुंतवणूकदारांच्या गळ्यात पॉलिसीतले हिस्से मारायचे. फ्लोरिडातील ‘म्युच्युअल बेनिफिट्स कॉर्पोरेशन’वर २००४ मध्ये केंद्रीय रोखे आयोगाने कारवाई केली, तोवर तिने हजारो लोकांकडून एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली होती.

ब्रोकरच्या वर्तनाचा प्रश्न थेट ऐरणीवर आला तो २००६ मध्ये. न्यूयॉर्कचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी एका मोठ्या खरेदीदार कंपनीवर दावा लावला. स्पर्धकांचे प्रस्ताव दाबून ठेवावेत म्हणून कंपनी ब्रोकरांना गुपचूप पैसे देते, असा त्यात आरोप होता. प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. पण विकणाऱ्याला सगळे प्रस्ताव आणि दलालीचा आकडा दिसलाच पाहिजे, या मागणीला त्यातून जोर आला.

एक देश, अनेक परवाने

अमेरिकेत विम्याचे नियमन प्रामुख्याने राज्यांकडे आहे. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने केंद्राने ही वाट राज्यांना मोकळी करून दिली. त्यामुळे लाइफ सेटलमेंट ब्रोकरचा ‘राष्ट्रीय’ परवाना अस्तित्वातच नाही. ज्या राज्यात पॉलिसीमालक राहतो, त्या राज्याचा कायदा लागू होतो आणि त्याच राज्याचा परवाना लागतो. ब्रोकरचे कार्यालय शिकागोत असले आणि विकणाऱ्या आजी फ्लोरिडात राहत असल्या, तर पाहायचा तो फ्लोरिडाचा कायदा. एका पॉलिसीचे मालक अनेक असून ते वेगवेगळ्या राज्यांत राहत असतील, तर राज्यांसाठी नमुना म्हणून लिहिलेल्या आदर्श कायद्यानुसार सर्वांत मोठा हिस्सा असलेल्या मालकाचे राज्य धरतात. हिस्से सारखे असतील, तर सर्वांनी लेखी ठरवलेले राज्य.

राज्यांच्या कायद्यांना आधार आहे तो दोन आदर्श मसुद्यांचा; ‘आदर्श कायदा’ असा उल्लेख येतो तो त्यांचाच. पहिला राज्यांच्या विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे एनएआयसीचा. तो १९९३ मध्ये आला आणि २००१ व २००७ मध्ये सुधारला गेला. दुसरा विमा विषयात काम करणाऱ्या राज्य-विधिमंडळ सदस्यांच्या परिषदेचा, म्हणजे एनसीओआयएलचा. तो २००० चा, २००७ मध्ये सुधारलेला. काही राज्यांनी एक उचलला, काहींनी दुसरा, तर अनेकांनी दोन्हींतून वेचून स्वतःचा कायदा बेतला. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया यांनी २००९ मध्ये सविस्तर कायदे केले, टेक्सासने २०११ मध्ये. सुमारे ४३ राज्यांत आणि पोर्टो रिकोत हा व्यवसाय नियमनाखाली आहे. अलाबामा, मिसुरी, साउथ डकोटा, वायोमिंग अशी मोजकी राज्ये बाहेर राहिली आहेत. मिशिगन आणि न्यू मेक्सिको यांचे कायदे मरणासन्न रुग्णांच्या पॉलिसींपुरते आहेत.

नावांतही एकवाक्यता नाही. काही राज्यांच्या कायद्यात अजून ‘व्हायाटिकल सेटलमेंट ब्रोकर’ हाच शब्द आहे आणि वयस्क, निरोगी माणसाच्या पॉलिसीची विक्रीही त्यातच मोडते. अर्ज भरताना नाव न पाहता व्याख्या पाहावी लागते ती यामुळे.

परवाना कोणाला लागतो, कोणाला नाही

मोबदल्याच्या अपेक्षेने, पॉलिसीमालकाच्या वतीने, एक किंवा अधिक प्रोव्हायडरांशी विक्रीची बोलणी करणारा तो ब्रोकर, ही व्याख्या थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळते. नुसती ओळख करून देणाऱ्याला परवाना लागत नाही, असा समज व्यवसायात अधूनमधून डोके वर काढतो. पण मोबदला घेऊन गिऱ्हाईक पुढे पाठवणे हेही अनेक राज्यांत बोलणी किंवा मागणी मिळवणे यात धरले जाते. विनापरवाना माणसाशी दलाली वाटून घेणे हा परवानाधारकावर उलटणारा दोष ठरतो.

परवान्याच्या बाबतीत मार्ग मुख्यतः तीन.

पहिला मार्ग आयुर्विमा एजंटांचा. आदर्श कायद्यानुसार ज्याच्याकडे आपल्या राज्याचा आयुर्विमा एजंटाचा परवाना किमान एक वर्ष आहे, त्याने ब्रोकरपदाच्या अटी पुऱ्या केल्याचे मानले जाते. ब्रोकर म्हणून पहिले काम सुरू केल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याने आयुक्तांना विहित नमुन्यात कळवायचे, शुल्क भरायचे आणि या कायद्याप्रमाणे वागण्याची लेखी कबुली द्यायची. मुदत, शुल्क आणि नमुना राज्यागणिक बदलतो. फ्लोरिडाने स्वतंत्र परवान्याची पद्धतच मोडीत काढली. तिथे आयुर्विमा एजंटाचा परवाना हवा आणि त्यावर ब्रोकर म्हणून स्वतःची नेमणूक विमा खात्याकडे नोंदवायला हवी.

दुसरा मार्ग स्वतंत्र ब्रोकर-परवान्याचा. एजंट नसलेल्यांनी, एक वर्ष न भरलेल्यांनी आणि ज्या राज्यात सवलतच नाही तिथे सर्वांनी, पूर्ण अर्ज करायचा.

तिसऱ्या प्रकारात परवानाच लागत नाही. वकील, चार्टर्ड अकाउंटंटच्या तोडीचा प्रमाणित हिशेबनीस किंवा मान्यताप्राप्त संस्थेचा आर्थिक नियोजक यांना विकणाऱ्याने नेमले असेल आणि त्यांची फी विकणाऱ्याकडूनच येत असेल, तर त्यांना ब्रोकर समजत नाहीत. खरेदीदाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष एक डॉलर जरी आला, तरी ही सूट संपते. पैसा कोणत्या हाताने येतो, यावर इथे सगळे अवलंबून आहे.

अर्जात काय मागतात

अर्ज राज्याच्या विमा खात्याकडे जातो. अनेक राज्यांत तो देशभरच्या विमा-परवान्यांच्या सामाईक ऑनलाइन नोंदवहीतून भरता येतो आणि अर्जदाराला देशभर चालणारा एकच ओळख क्रमांक मिळतो. क्रमांक एकच असला, तरी परवाने मात्र राज्यागणिक सुटे.

अर्जदार कंपनी असेल तर तिचे मालक, भागीदार, अधिकारी आणि प्रमुख कर्मचारी यांची पूर्ण ओळख द्यावी लागते. दहा टक्क्यांहून अधिक भाग असलेल्या भागधारकांची नावेही त्यात येतात. कंपनीच्या परवान्याखाली नेमके कोण काम करणार, त्यांची नावे अर्जात किंवा त्याच्या पुरवणीत असावी लागतात. ज्याचे नाव तिथे नाही, त्याने ग्राहकाशी बोलणी केली तर तो विनापरवाना ठरतो. छोट्या कार्यालयांत नवा माणूस रुजू होतो, पहिल्याच आठवड्यात फोनवर बसतो आणि पुरवणी अर्ज मात्र टेबलावरच राहतो. चूक घडण्याची जागा बहुधा हीच असते.

पुढचा भाग चारित्र्याचा. अनेक राज्ये बोटांचे ठसे घेऊन पार्श्वभूमी तपासतात. इतर राज्यांत परवाना नाकारला, रद्द झाला किंवा दंड झाला असेल, तर आदेशाच्या प्रतीसह सांगावे लागते. अप्रामाणिकपणा किंवा विश्वासघात यांच्याशी निगडित गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना १९९४ च्या केंद्रीय कायद्याने विमा व्यवसायाची दारेच बंद केली आहेत. विमा आयुक्तांची लेखी संमती असल्याशिवाय अशा व्यक्तीने काम करणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र ठरणारा गुन्हा आहे. जुना गुन्हा असण्यापेक्षा तो लपवल्यामुळे अर्ज फेटाळला जाण्याचा धोका मोठा, कारण खोटे उत्तर हे नाकारण्याचे स्वतंत्र कारण असते.

तिसरा भाग आर्थिक जबाबदारीचा. ब्रोकरच्या चुकीने ग्राहकाचे नुकसान झाले, तर भरपाई कुठून होणार? त्यासाठी ठरावीक रकमेचा जामीन बाँड, व्यावसायिक चुकांच्या दायित्वाचा विमा किंवा ठेव यांपैकी राज्याला मान्य असलेला पुरावा जोडायचा. बाँडची रक्कम आणि पर्याय राज्याप्रमाणे बदलतात. एका राज्याचा बाँड दुसऱ्या राज्याला आपोआप चालत नाही.

चौथा भाग कामाच्या आराखड्याचा. ग्राहक कसे मिळवणार, वैद्यकीय माहिती कुठे आणि कशी सांभाळणार, दलाली कशी ठरवणार, तक्रारी कोण हाताळणार, हे लिहून द्यावे लागते. त्याला जोडून फसवणूक-प्रतिबंधक योजना हवी. संशयास्पद व्यवहार कोणत्या खुणांनी ओळखायचा, तो तपासायचा कोणी, आयुक्तांना कधी कळवायचे आणि कर्मचाऱ्यांना याचे शिक्षण कसे द्यायचे, हे तिच्यात असते. बाजारातून विकत आणलेली छापील योजना नाव बदलून जोडली, तर ती कंपनीच्या आराखड्याशी जुळत नाही. अर्ज परत येण्याचे हे एक साधे कारण.

परीक्षेबाबत राज्यांमध्ये फरक आहे. कुठे लेखी परीक्षा असते, कुठे ठरावीक तासांचे प्रशिक्षण पुरते, तर कुठे आयुर्विमा एजंटाची जुनी परीक्षाच ग्राह्य धरतात.

परराज्यातील अर्जदाराला आणखी एक कागद द्यावा लागतो. त्या राज्यात त्याच्यावर दावा झाला तर नोटीस स्वीकारणारा प्रतिनिधी नेमायचा किंवा आयुक्तांवर बजावलेली नोटीस आपल्यावर बजावल्यासारखीच मानू, अशी मागे न घेता येणारी लेखी संमती द्यायची. परराज्यातल्या ब्रोकरने फसवले, तर विकणाऱ्याला न्यायासाठी हजार मैल जावे लागू नये, हा तिचा उद्देश.

परवाना हाती आल्यावरचे काम

परवाना मिळाल्याबरोबर ब्रोकरवर विश्वस्तासारखे कर्तव्य येते. आदर्श कायदा स्पष्ट सांगतो की दलाली कोणीही आणि कशीही देवो, ब्रोकर केवळ विकणाऱ्याचा प्रतिनिधी आहे. त्याच्या सूचनेप्रमाणे आणि त्याच्या हिताचे तेच त्याने करायचे. व्यवहार न करणे विकणाऱ्याच्या हिताचे असेल तर तसे सांगणे, हेही त्यातच येते. म्हणून अर्ज घेतानाच लेखी कळवावे लागते की दुर्धर आजारात विमा कंपनीकडूनच आगाऊ रक्कम मिळू शकते किंवा पॉलिसीवर कर्ज निघू शकते. आलेल्या पैशांवर कर लागू शकतो, त्यावर सावकार हक्क सांगू शकतात आणि मेडिकेडसारख्या सरकारी मदतीची पात्रता त्यामुळे जाऊ शकते.

कराराच्या सहीआधी ब्रोकरने जे उघड करायचे, त्याचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणावरून कळेल. ७८ वर्षांच्या एका विधवा बाईंची १० लाख डॉलरची पॉलिसी आहे, सरेंडर मूल्य ३२,००० डॉलर. ब्रोकरने सहा कंपन्यांकडे कागद पाठवले. तिघींनी नकार दिला, एकीचा प्रस्ताव फारच कमी आला, दोघींत चढाओढ झाली. पहिली १,९०,००० डॉलरवर थांबली, दुसरी १,८४,००० वर. वरवर पाहता पहिली सरस. पण पहिल्या प्रस्तावात ब्रोकरची दलाली ३८,००० डॉलर आहे, म्हणजे वीस टक्के. बाईंच्या हाती १,५२,००० येणार. दुसऱ्यात दलाली २३,००० डॉलर, साडेबारा टक्के, हाती १,६१,०००. मोठा आकडा दाखवून पहिल्या कागदावर सही घेतली, तर बाईंचे ९,००० डॉलर बुडतात आणि ब्रोकरला १५,००० जास्त मिळतात.

आदर्श कायद्यातील तरतूद हाच प्रसंग डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्यासारखी आहे. आलेला प्रत्येक प्रस्ताव, प्रतिप्रस्ताव, स्वीकार आणि नकार विकणाऱ्याला लेखी द्यायचा. दलालीची रक्कम सांगायची. ती प्रस्तावातून कापली जाणार असेल तर एकूण आकडा आणि टक्केवारी दोन्ही दाखवायच्या. प्रस्ताव देणाऱ्या कोणाशी ब्रोकरचा संबंध असल्यास तो उघड करायचा. आपल्याच नियंत्रणाखालच्या खरेदीदाराला पॉलिसी विकण्याला मनाई आहे आणि विकणाऱ्याशी आधी लेखी करार केल्याशिवाय त्याच्याकडून मोबदला घेता येत नाही.

कागदांचे नमुनेही ब्रोकरच्या मर्जीचे नसतात. करार आणि माहितीपत्रके आयुक्तांकडे दाखल करून मंजूर करून घ्यावी लागतात. विमा उतरवलेल्या व्यक्तीच्या संमतीखेरीज तिची वैद्यकीय माहिती पुढे देता येत नाही. विकणारा स्वतःच ती व्यक्ती असेल, तर तो मानसिकदृष्ट्या सक्षम असून कोणाच्या दबावाखाली नाही, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरचे पत्र प्रोव्हायडरने घ्यायचे. पैसे एस्क्रो, म्हणजे तटस्थ तिऱ्हाइताच्या, खात्यात राहतात आणि मालकी बदलल्याची विमा कंपनीची पोच आल्यावर तीन कामकाजी दिवसांत विकणाऱ्याला मिळतात. विक्री मागे घेण्याची मुदतही असते: एनएआयसीच्या मसुद्यात करार झाल्यापासून ६० दिवस किंवा पैसे मिळाल्यापासून ३० दिवस, यांपैकी जे आधी संपेल ते; अनेक राज्यांत ती १५ दिवसांची आहे.

विक्रीनंतर नवा मालक तब्येतीची चौकशी करत राहणार, हे उघड आहे. तीही मोजून करायची. आयुर्मान वर्षाहून अधिक असेल, तर तीन महिन्यांतून एकदा. वर्षभराचे किंवा कमी असेल, तर महिन्यातून एकदा. “आजोबा अजून आहेत का?” असा फोन दर आठवड्याला येऊ नये, एवढी माणुसकी कायद्याने लिहून ठेवली आहे.

परवाना टिकवण्याचे गणित

मिळवण्यापेक्षा टिकवणे अवघड, ते कंटाळवाणे असल्यामुळे. नूतनीकरण काही राज्यांत दरवर्षी, काही राज्यांत दर दोन वर्षांनी. शुल्क मुदतीत भरले नाही की परवाना संपतो आणि मग दुरुस्तीचा अर्ज नव्हे, तर बहुधा नवा अर्ज करावा लागतो. वीस राज्यांत काम करणाऱ्या ब्रोकरकडे वीस तारखा, वीस नमुने आणि तितकेच बाँड असतात. म्हणून या कार्यालयांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेला कायद्याच्या पुस्तकाइतकेच मोल असते.

स्वतंत्र परवानाधारक ब्रोकरने दर दोन वर्षांत १५ तासांचे प्रशिक्षण घ्यायचे, तेही लाइफ सेटलमेंटच्याच विषयावर, अशी अट आदर्श कायद्यात आहे. सामान्य विम्याचे तास त्यात धरत नाहीत. एजंट म्हणून काम करणाऱ्यांना या मसुद्यात सूट आहे, कारण त्यांना एजंटपदाचे प्रशिक्षण वेगळे पुरे करावेच लागते. मात्र काही राज्यांनी त्यांच्यावरही जादा तास घातले आहेत.

बदल कळवण्याची मुदत ३० दिवसांची. अधिकारी, संचालक, भागीदार किंवा दहा टक्क्यांहून मोठा भागधारक बदलला की आयुक्तांना कळवायचे. दुसऱ्या राज्यात कारवाई झाली किंवा फौजदारी खटला दाखल झाला, तर तेही बहुतेक राज्यांत ठरावीक दिवसांत सांगावे लागते. विमा आयुक्तांच्या संघटनेमुळे राज्यांना एकमेकांचे आदेश पाहता येतात. एका राज्यातल्या किरकोळ दंडाची बातमी दुसऱ्या राज्याला ब्रोकरकडून कळण्याऐवजी तिथल्या नोंदीतून कळली, तर दंडापेक्षा न कळवण्याचा दोष जड पडतो.

नोंदी जपण्याचा काळ आदर्श कायद्यात पाच वर्षांचा आहे: प्रस्तावित आणि सही झालेले करार, अर्ज, आयुर्मानाची कागदपत्रे, धनादेश आणि पावत्या. आयुक्तांचे निरीक्षक कधीही तपासणीला येऊ शकतात आणि अनेक राज्यांत तपासणीचा खर्चही परवानाधारकाकडूनच वसूल होतो. निरीक्षक सर्वांत आधी ज्या गोष्टी जुळवतात त्या साध्या असतात: ग्राहकाला दिलेल्या प्रस्तावांची यादी, ई-मेलमधले प्रस्ताव आणि जमा झालेली दलाली. तिन्ही जुळले की बाकी तपासणी लवकर आटोपते. यादीत चार प्रस्ताव आणि ई-मेलमध्ये पाच निघाले, की पाचव्याचे उत्तर द्यावे लागते.

जाहिरातीवरही बंधने आहेत. पॉलिसी ‘विनामूल्य’ मिळते असा आभास निर्माण करणे, पैसे हमखास मिळतील असे सांगणे, परवाना म्हणजे राज्याची शिफारस असल्याचे भासवणे यांना मनाई असते. फसवणुकीची शंका आल्यास ती आयुक्तांना कळवणे परवानाधारकाला बंधनकारक आहे.

परवाना कशाने जातो

अर्जातली खोटी माहिती, अप्रामाणिक व्यवहार, मंजूर नसलेल्या करारनाम्याचा वापर, विकणाऱ्यांना वारंवार अवाजवी कमी रक्कम मिळणे, फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरणे, करार न पाळणे, परवान्याच्या मूळ अटी यापुढे पूर्ण न होणे, ही नकार, निलंबन किंवा रद्दीकरणाची कारणे आहेत. ‘वारंवार अवाजवी कमी रक्कम’ हे कारण लक्षात घेण्याजोगे. प्रत्येक व्यवहार एकेकटा पाहिला तर नियमात बसू शकतो. पण सगळ्या फायली एकत्र ठेवल्यावर दिसणारा कलही परवाना घालवू शकतो. आदेशापूर्वी सुनावणीचा हक्क असतो. दंड, भरपाई आणि काही प्रकारांत तुरुंगवास हे पुढचे टप्पे.

सगळ्यात धोकादायक ठरते ती ‘स्टोली’, म्हणजे परक्याच्या पुढाकाराने आणि परक्यासाठीच काढलेली पॉलिसी. एखाद्या वृद्धाला फुकट विम्याचे किंवा रोख रकमेचे आमिष दाखवून, हप्त्यांसाठी कर्ज देऊन, सुरुवातीपासूनच विकण्याच्या हेतूने मोठी पॉलिसी काढायला लावायची, हा तो प्रकार. ग्रिग्जबीच्या निकालाने संरक्षण दिले ते प्रामाणिकपणे घेतलेल्या पॉलिसीला. स्टोलीत मुळातच तो प्रामाणिकपणा नसतो. म्हणून पॉलिसी निघाल्यापासून बहुतेक राज्यांत दोन वर्षे विक्रीला बंदी आहे. एनएआयसीच्या २००७ च्या मसुद्यात ती पाच वर्षांची असून दुर्धर आजार, जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, निवृत्ती, अपंगत्व असे अपवाद ठेवले आहेत. मुदतीची मोजणी चुकवणारा ब्रोकर ग्राहकाचा करार आणि स्वतःचा परवाना दोन्ही धोक्यात घालतो.

राज्याचा परवाना पुरेसा नसतो तेव्हा

पॉलिसी ‘व्हेरिएबल’ प्रकारची, म्हणजे शेअर बाजाराशी बांधलेली असेल, तर तिची विक्री हा रोख्यांचा व्यवहार ठरतो. शेअर दलालांच्या नियामक संस्थेने २००६ मध्ये हे स्पष्ट केले आणि २००९ मध्ये पुन्हा बजावले. अशा व्यवहाराला विमा परवान्याच्या जोडीला रोखे व्यवसायाची नोंदणीही लागते. खरेदी केलेल्या पॉलिसींचे हिस्से गुंतवणूकदारांना विकणे हेही रोख्यांच्या कायद्यात मोडते की नाही, यावर न्यायालयांत मतभेद झाले आहेत: १९९६ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने नाही म्हटले, २००५ मध्ये अटलांटाच्या अपील न्यायालयाने होय म्हटले.

कराच्या बाजूनेही परवान्याला अर्थ आहे. १९९६ च्या केंद्रीय कायद्यानुसार मरणासन्न व्यक्तीला पॉलिसी विकून मिळालेली रक्कम करमुक्त असते. पण ज्या राज्यात परवाना लागतो, तिथे खरेदीदार परवानाधारक असला तरच. ब्रोकरने खरेदीदाराचा परवाना तपासला नाही, तर करसवलत जाण्याचा फटका विकणाऱ्याला बसतो. २०१७ च्या करसुधारणेनंतर अशा विक्रीची माहिती करखात्याला कळवणेही बंधनकारक झाले आहे.

भारतातली स्थिती

भारतात या व्यवसायाचा परवानाच नाही; तसे पाहता व्यवसायालाच मान्यता नाही. पॉलिसींच्या खरेदी-विक्रीचा प्रश्न मुंबईत मात्र एकदा चांगलाच गाजला. ‘इन्शुअर पॉलिसी प्लस सर्व्हिसेस’ ही कंपनी मालकांकडून पॉलिसी अभिहस्तांकनाने घेऊन पुढे देत असे. एलआयसीने परिपत्रके काढून अशी हस्तांतरे नोंदवण्यास नकार दिला. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परिपत्रके अवैध ठरवली आणि पुढे २०१५ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पॉलिसी हस्तांतरणीय असल्याचे मान्य केले.

पण हा निकाल जुन्या कायद्यावरचा होता. त्याच वर्षी विमा कायद्याच्या कलम ३८ मध्ये दुरुस्ती झाली होती. हस्तांतरण प्रामाणिक नाही, पॉलिसीधारकाच्या किंवा जनतेच्या हिताचे नाही किंवा पॉलिसींच्या व्यापारासाठी आहे, असे मानायला पुरेसे कारण असेल, तर विमा कंपनी ते नाकारू शकते. कारणे लेखी नोंदवून ३० दिवसांत कळवायची आणि पॉलिसीधारकाला विमा नियामकाकडे दाद मागता येते. अमेरिकी राज्यांनी व्यापार मान्य करून मध्यस्थाला बांधले. भारताने मध्यस्थाचा प्रश्न न उघडता व्यापाराच्या दारावर विमा कंपनीला उभे केले. त्यामुळे हप्ते झेपेनासे झालेल्या भारतीय पॉलिसीधारकापुढे सरेंडर, कर्ज किंवा पेड-अप पॉलिसी हेच पर्याय उरतात आणि चांगला भाव काढून देण्यास कायद्याने बांधलेला माणूस त्याच्या बाजूला नसतो.